जुन्या साखळी-करवतीची परीक्षा

पावसाळ्यात रस्त्यावर मोठे झाड कोसळले की अग्निशामक दलाची माणसे एक घरघरणारे यंत्र घेऊन येतात, ते तुम्ही पाहिले असेल. हातभर लांब चपटी पट्टी, तिच्या कडेने पळणारी दातेरी साखळी आणि मागे छोटेसे पेट्रोल इंजिन. हीच साखळी-करवत. कारागीर तिला चेनसॉ म्हणतात आणि त्या पट्टीला बार म्हणतात.

जेथे लाकूडतोड हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे, म्हणजे अमेरिकेचा वायव्य भाग, कॅनडा, स्वीडन, जर्मनी, तेथे आजोबांच्या वेळच्या अशा करवती अजून माळ्यांवर आणि गोदामांत पडून असतात. त्या हुडकून विकत घेणारे आणि पुन्हा चालत्या करणारे हौशी लोकही तेथे पुष्कळ आहेत. त्यांनी आपली एक पारख तयार केली आहे. ती आज आपण शिकू या. तुम्ही करवत विकत घ्यावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण हीच पारख घरातल्या जुन्या लुनाला, शेतावरच्या पंपाला किंवा आजीच्या शिवणयंत्रालाही लागू पडते.

समजा, तुम्ही अमेरिकेतील ओरेगन राज्यात एका जुन्या बाजारात उभे आहात. समोर टेबलावर दोन करवती आहेत. एक पूर्ण आहे, पण तिचे इंजिन अडकलेले आहे. दुसरीचे इंजिन फिरते, पण तिचे दोरीकडचे झाकण आणि बार गायब आहेत. दुसरी निम्म्या किमतीला मिळते आहे. शेजारी एक तिसरीही आहे. विक्रेता म्हणतो, “ही बघा, दोरी ओढली की चालू होते. चालवून दाखवू?”

थांबा! त्याला चालवू देऊ नका. का, ते पुढे येईलच. आधी हे यंत्र कोठून आले ते थोडक्यात पाहू.

छेचाळीस किलोंवरून बारा किलोंवर

साखळीने कापण्याची कल्पना लाकडासाठी प्रथम वापरली गेली असे तुम्हाला वाटेल. पण सुमारे १८३० साली जर्मनीतील बर्नहार्ड हाइने याने दातेरी साखळीचे जे उपकरण केले, ते हाडे कापण्यासाठी होते! ते हाताने फिरवायचे असे.

लाकडासाठीच्या करवतींत आन्द्रेआस श्टील या जर्मन इंजिनिअरचे नाव ठळक आहे. त्याने १९२६ साली विजेवर चालणारी करवत बनवली. ती उचलायला दोन माणसे लागत. १९२९ साली त्याची पेट्रोलवरची करवत आली. तिचे वजन ४६ किलो आणि ताकद ६ अश्वशक्ती. साधारण त्याच काळात, १९२७ साली, एमिल लेर्प याने आपली करवत थुरिंगिया भागातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि पुढे त्या डोंगराचेच नाव कंपनीला दिले.

आता एक साधा भागाकार करा. १९२९ सालच्या करवतीत प्रत्येक अश्वशक्तीमागे ४६ ÷ ६ म्हणजे जवळजवळ ७.७ किलो वजन होते. १९५९ साली श्टील कंपनीने ‘कोन्ट्रा’ ही करवत काढली. ताकद तीच ६ अश्वशक्ती, पण वजन सुमारे १२ किलो. म्हणजे अश्वशक्तीमागे २ किलो. तीस वर्षांत पावणेचार पटींचा फरक! हे साधले दोन गोष्टींनी. एक म्हणजे इंजिन आणि साखळी यांच्यामधली दातेरी चाकांची पेटी काढून टाकली आणि साखळी सरळ इंजिनाच्या दांड्यावरच्या चक्राने फिरवली. दुसरी म्हणजे हलक्या धातूंचे ओतकाम. लोखंडाची घनता ७.८, ॲल्युमिनिअमची २.७ आणि मॅग्नेशिअमची अवघी १.७ आहे.

पण या मॅग्नेशिअमचा एक दुर्गुण आहे आणि जुनी करवत घेताना तोच आधी पाहायचा असतो. तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातली धातूंची क्रियाशीलतेची श्रेणी आठवा. मॅग्नेशिअम लोखंडाच्या बरेच वर आहे. मॅग्नेशिअमच्या ओतीव भागात पोलादी स्क्रू घट्ट बसलेला असेल आणि दोघांवर ओल साचली, तर एक छोटा विद्युतघट तयार होतो. झिजते ते मॅग्नेशिअम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले, तर समजावे की करवत वर्षानुवर्षे दमट जागी पडून होती. स्क्रू बदलता येईल. खाल्लेले ओतकाम मात्र पुन्हा भरून येत नाही.

चालवून पाहणे घातक का?

आता त्या तिसऱ्या करवतीकडे येऊ. तिचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. जुन्या लुनाचे आणि स्कूटरचे होते तसेच. लुनाच्या टाकीत पेट्रोलबरोबर मापाने तेल घालत असत, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याखालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, ही पंपाचे काम करते. दट्ट्या वर गेला की तीत हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण ओढले जाते. खाली आला की ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये जाते. वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलबरोबर जे तेल येईल तेवढेच.

या पेटीतून फिरता दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो आणि तेथे रबराची दोन कडी बसवलेली असतात. त्यांना ऑइल सील म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षांत रबर कडक होते आणि दांड्याला नीट बिलगत नाही. मग दट्ट्या वर जाताना पेटी कार्ब्युरेटरमधून ओढते तशीच या फटीतूनही हवा ओढते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. असे मिश्रण जळताना सिलिंडर जास्त तापते. आणि गंमत अशी, की पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी! उष्णता वाढते त्याच वेळी वंगण घटते. दट्ट्या फुगतो, सिलिंडरला घासतो आणि दोन-चार मिनिटांत इंजिन कायमचे जखमी होते.

म्हणजे पंचवीस वर्षे गप्प बसलेली करवत बाजारात जोरात चालवून दाखवली, तर ती चालते हे सिद्ध होते आणि कदाचित त्याच क्षणी ती बाद होते. पैसे मात्र तुम्ही चालत्या यंत्राचे देता.

मग चालवल्याशिवाय तपासायचे कसे? अनुभवी माणूस तीन गोष्टी करतो. प्रथम तो करवत सुरू करायच्या दोरीची मूठ धरून करवत तिच्यावर लोंबकळत सोडतो. सिलिंडरमधली हवा नीट दाबली जात असेल, तर करवत अडखळत, थबकत खाली येते. दोरी सुर्रकन उलगडली, तर दाब उरलेला नाही. अर्थात दोरी जुनी असते, म्हणून हे जमिनीपासून वीतभर उंचीवरच करावे. दुसरे म्हणजे स्पार्क प्लग काढून तेथे दाबमापक बसवायचा आणि दोरी ओढायची. चांगल्या इंजिनात दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास जातो.

तिसरी तपासणी सगळ्यात खात्रीची आणि तिला काही उपकरणही लागत नाही. धूर बाहेर पडायचा डबा, म्हणजे सायलेन्सर, दोन स्क्रू काढून बाजूला करायचा. आत सिलिंडरला एक खिडकी असते. तिच्यातून दट्ट्याची बाजू दिसते. ती गुळगुळीत, एकसारखी दिसली तर इंजिन चांगले. उभे ओरखडे दिसले तर वर सांगितलेला प्रकार आधीच होऊन गेला आहे. विक्रेता हे दोन स्क्रू काढू देत नसेल, तर माझ्या मते तेथून पुढे जावे.

अडकलेली पहिली करवतही याच खिडकीतून पाहायची. पुष्कळदा दट्ट्या फक्त गंजाने किंवा चिकट तेलाने धरलेला असतो. प्लगच्या भोकातून थोडे पातळ तेल सोडून दोन दिवस ठेवले की तो सुटतो. खिडकीतून ओरखडे दिसत नसतील, तर ‘अडकलेली’ हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही.

तिरके धरले तरी चालणारा कार्ब्युरेटर

रबराची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी एक रबरी भाग पाहू. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ तरंगक असतो. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर येऊन झडप बंद करतो. आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसाच. पण असा कार्ब्युरेटर आडवा केला तर काय होईल? तरंगक गोंधळेल. म्हणून सुरुवातीच्या करवतींत इंजिन उभेच ठेवून फक्त बार फिरवण्याची सोय करावी लागे. उभे झाड कापायला बार आडवा, पडलेले कापायला बार उभा.

यावर तोडगा निघाला तो तरंगकाऐवजी पडदा बसवून. पेट्रोलच्या एका छोट्या कप्प्यावर पातळ लवचीक पडदा ताणलेला असतो. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. इंजिनाने पेट्रोल ओढले की कप्प्यातला दाब कमी होतो. बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते. पडदा एक तरफ दाबतो, तरफ सुईसारखी झडप उचलते आणि नवे पेट्रोल आत येते. यात पातळीचा प्रश्नच नाही, म्हणून करवत उलटी धरली तरी चालते. पेट्रोल टाकीतून आणायलाही दुसरा एक पडदा असतो. तो क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने धडधडतो आणि पंपाचे काम करतो.

जुन्या करवतीत हे पडदे कडक झालेले असतातच. शिवाय आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. आपल्याकडे २०२५ सालापासून ते २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही आणि ते हवेतले पाणीही शोषून घेते.

येथे पारखीची पहिली किल्ली हाती लागते. करवत बनवणारी कंपनी बहुधा कार्ब्युरेटर स्वतः बनवत नसे. तो टिलॉटसन किंवा वॉलब्रो यांसारख्या कंपन्यांकडून येई आणि त्याच्या अंगावर त्यांचा स्वतंत्र क्रमांक ठोकलेला असे. तेव्हा पडद्यांचा संच शोधताना करवतीचे नाव सांगत बसू नये. कार्ब्युरेटर पुसून त्याच्यावरचा क्रमांक वाचावा. करवतीची कंपनी बंद पडली असली, तरी तो संच मिळण्याची शक्यता पुष्कळ असते.

कोणता भाग सगळ्यांचा, कोणता एकटीचा?

कंपन्या खरोखरच बंद पडतात. अमेरिकेतील मॅकलॉक हे एके काळी या धंद्यातले फार मोठे नाव. १९४९ साली तिने ‘३-२५’ नावाची करवत काढली. एका माणसाला पेलेल अशी, २५ पौंड वजनाची, म्हणजे सव्वाअकरा किलोंची. या कंपनीचा मालक रॉबर्ट मॅकलॉक याने ॲरिझोनाच्या वाळवंटात नवे गाव वसवले आणि गावाकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून १९६८ साली लंडनचा जुना ‘लंडन ब्रिज’ २४ लाख ६० हजार डॉलरांना विकत घेतला! त्याचे दगड क्रमांक घालून अमेरिकेत नेले आणि १९७१ साली तो लेक हवासू सिटी येथे पुन्हा उभा केला. प्रत्येक दगडावर क्रमांक होता म्हणूनच ते जमले, हे लक्षात ठेवा. आपल्या विषयाशी त्याचा संबंध आहे. १९९९ साली हीच कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचे नाव पुढे दुसऱ्यांकडे गेले, पण जुन्या करवतींचे सुटे भाग कारखान्यातून येणे थांबले.

अशा वेळी करवतीचे भाग मनात दोन ढिगांत वाटावे. एका ढिगात जगभर एकाच मापाने बनणारे भाग. दुसऱ्या ढिगात फक्त त्या करवतीचेच भाग.

पहिल्या ढिगातले उत्तम उदाहरण म्हणजे बेअरिंग. तुमच्या घरातल्या छताच्या पंख्यात बहुधा ६२०२ क्रमांकाचे बेअरिंग असेल. हा आकडा म्हणजे गुप्त लिपी नव्हे. पहिले दोन अंक बेअरिंगचा प्रकार सांगतात आणि शेवटचे दोन आतल्या भोकाचे माप. ०० म्हणजे १० मि.मी., ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. तेथून पुढे मात्र सोपे आहे. ०४ पासून त्या अंकाला ५ ने गुणायचे. म्हणजे ६२०४ चे भोक २० मि.मी. आणि ६२०५ चे २५ मि.मी. ६२०२ चा बाहेरचा व्यास ३५ आणि जाडी ११ मि.मी. असते, मग ते पुण्यात घ्या नाहीतर पोर्टलंडमध्ये. करवतीच्या मुख्य दांड्यावरही अशीच बेअरिंगे असतात.

तर मग पंख्याचे बेअरिंग करवतीत घालावे का? नाही! येथे पुष्कळजण फसतात. पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो. करवतीचे इंजिन नऊ-दहा हजार आणि ते तापतेही फार. तापल्यावर धातू प्रसरण पावून गोळ्या आवळल्या जाऊ नयेत, म्हणून आत थोडी जास्त मोकळीक ठेवलेले बेअरिंग लागते. त्याच्या क्रमांकापुढे ‘सी-३’ असे लिहिलेले असते. माप जुळले म्हणजे भाग जुळला असे नव्हे. क्रमांकाचे शेपूटही वाचले पाहिजे.

ऑइल सीलही असाच मापाने मिळतो. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे त्याच्या अंगावर असतात आणि पुसट झाले असतील तर व्हर्निअर कॅलिपरने मोजता येतात. स्पार्क प्लगच्या आट्यांचा व्यास बहुधा १४ मि.मी. असतो. मात्र आट्यांचा भाग किती लांब आहे तेही पाहायचे. जास्त लांबीचा प्लग बसवला तर वर येणारा दट्ट्या त्याच्यावर आपटू शकतो.

साखळीचे माप ही खास मौज आहे. सायकलच्या साखळीत दोन पिनांमधले अंतर सगळीकडे सारखे, १२.७ मि.मी. असते. करवतीच्या साखळीत रिव्हेटांमधली अंतरे एकाआड एक लहानमोठी असू शकतात. म्हणून लागोपाठ तीन रिव्हेट घ्यायचे, पहिल्या आणि तिसऱ्या रिव्हेटांच्या मध्यांतले अंतर मोजायचे आणि त्याला २ ने भागायचे. याला साखळीचे अंतर, कारागिरांच्या भाषेत पिच, म्हणतात. ‘३/८ इंच’ या नावाची साखळी मोजली तर ९.३ मि.मी. येते. ३/८ इंचाचे गणित केले तर ९.५ मि.मी. येते. कॅलिपर बिघडला आहे असे समजू नका. ‘३/८’ हे आता माप राहिलेले नाही, नाव झाले आहे. दुसरे माप म्हणजे बारच्या खाचेतून धावणाऱ्या दुव्याची जाडी. ती बहुधा १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. असते. तिसरे म्हणजे अशा दुव्यांची एकूण संख्या. ही तीन मापे असली की करवतीचे नाव न सांगताही साखळी मिळते.

आजच्या साखळीचा दात वाकड्या नखासारखा का असतो, याचीही एक हकीकत आहे. १९४६ साली ओरेगनमधला जो कॉक्स हा लाकूडतोड्या एका ओंडक्यातल्या भुंग्याची अळी पाहत बसला. ती लाकडाच्या तंतूंच्या आडवी-उभी कशीही सहज कुरतडत जात होती. तिचे जबडे दोन बाजूंना, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते. कॉक्सने तसाच दात साखळीला दिला आणि १९४७ साली तिची विक्री सुरू केली. त्याआधीच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे ओरबाडणारे असत. जुन्या करवतीबरोबर तशी मूळ साखळी मिळाली, तर ती कापायला न वापरता जपून ठेवावी.

क्रमांकांची भाषा

आता दुसरा ढीग. झाकणे, मुठी, टाकी, सिलिंडर, दट्ट्या. हे भाग फक्त त्या करवतीचे, आणि यांच्यासाठी भागांची यादी लागते. कंपनी प्रत्येक नमुन्याची सचित्र यादी छापत असे. तीत यंत्राचे सगळे भाग एकमेकांपासून हवेत सुटे केल्यासारखे काढलेले असतात आणि प्रत्येकापुढे क्रमांक असतो. जुन्या विक्रेत्यांच्या दुकानांत अशा पुस्तिका किंवा सूक्ष्मचित्रांच्या पट्ट्या असत. आता त्यांतल्या पुष्कळशा संगणकावर उतरवलेल्या सापडतात.

यादी मागताना नुसते नाव पुरत नाही. अमेरिकेच्या होमलाइट कंपनीने एकाच नावाच्या करवती वर्षानुवर्षे किरकोळ बदल करून विकल्या. प्रत्येक आवृत्तीला ‘यूटी’ ने सुरू होणारा क्रमांक दिला. तो नामपट्टीवर असतो. नामपट्टी निघून गेलेली करवत म्हणजे वर्गात हजेरी क्रमांक नसलेला विद्यार्थी. आहे समोर, पण वहीत सापडत नाही! किंमत ठरवताना नामपट्टीचाही हिशेब धरावा.

श्टील कंपनीच्या भागांचा क्रमांक अकरा अंकी असतो. चार, तीन आणि चार अशी त्याची फोड करायची. पहिले चार अंक यंत्राचे घराणे सांगतात. ११०६ म्हणजे ‘०७०’ आणि ‘०९०’ या मोठ्या करवतींचे घराणे. मधले तीन अंक भाग यंत्राच्या कोणत्या अंगाचा ते सांगतात. ०३० असेल तर दट्ट्या आणि दांडा, १२० असेल तर कार्ब्युरेटर. तेव्हा कोणी ‘११०६ ०३०’ ने सुरू होणारा भाग कार्ब्युरेटरचा म्हणून विकू लागला, तर तो चुकतो आहे किंवा फसवतो आहे, हे तुम्हाला डबी न उघडता कळेल.

या दोन करवतींची मापेही पाहण्यासारखी आहेत. ०७० च्या सिलिंडरचा व्यास ५.८ सें.मी. आणि दट्ट्याची धाव ४ सें.मी. आकारमान काढण्यासाठी ३.१४१६ ÷ ४ × ५.८ × ५.८ × ४ करा. १०५.७, म्हणजे १०६ घन सेंटिमीटर. ०९० ची धाव तीच ४ सें.मी., व्यास मात्र ६.६. उत्तर १३७ येते. धाव तीच ठेवून नुसता व्यास वाढवला आणि मोठे इंजिन केले. नामपट्टी नसलेली करवत ओळखायचीही हीच युक्ती आहे. प्लगच्या भोकातून काडी घालून धाव मोजायची, सिलिंडर काढता आला तर व्यास मोजायचा आणि आलेले आकारमान याद्यांशी ताडून पाहायचे. ०७० च्या नव्या नकलाही बाजारात असतात, म्हणून ओतकामावरच्या खुणा आणि अनुक्रमांकही पाहावा.

किंमत कशी करावी?

आता टेबलावरच्या पहिल्या दोन करवतींचा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत. अडकलेली पण पूर्ण करवत ६० डॉलर. फिरणारी पण झाकण आणि बार नसलेली ३० डॉलर. दोन्हींना सील, पडदे, प्लग यांसाठी ४० डॉलर लागणारच. पहिलीचा दट्ट्या सुटला तर एकूण १००. दुसरीला बार आणि साखळी ५० डॉलर. झाले १२०, आणि झाकण अजून यायचेच आहे. ते दुसऱ्या ढिगातले. मिळेल तर तशाच दुसऱ्या मेलेल्या करवतीवरून, तिचा मालक म्हणेल त्या किमतीला. न मिळाल्यास १२० डॉलर खर्चूनही दोरी ओढता येणार नाही.

म्हणून पारखी माणूस ‘चालते का?’ हे शेवटी विचारतो. तो आधी विचारतो, ‘काय नाही?’ आणि जे नाही ते कोणत्या ढिगातले आहे.

दुर्मीळ म्हणजे मौल्यवान हाही एक गैरसमज. एखादा नमुना दुर्मीळ असतो, कारण तो वाईट होता म्हणून खपलाच नाही. उलट होमलाइटची १९६३ सालची ‘एक्सएल-१२’ भरपूर खपली, म्हणून तिचे भाग आजही सापडतात, आणि म्हणूनच शिकाऊ माणसाने तीच घ्यावी असे मला वाटते. ०९० सारख्या मोठ्या करवतींना चांगली किंमत येते, कारण मोठ्या ओंडक्याच्या फळ्या पाडायला त्या अजून उपयोगी पडतात.

पण उपयोगाचा विचार करताना एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सात दात्यांचे चक्र मिनिटाला ९,००० फेरे फिरते आहे असे धरा. एका फेऱ्यात साखळी ७ × २ × ९.३ म्हणजे १३० मि.मी. पुढे सरकते. सेकंदाला १५० फेरे, म्हणजे साडेएकोणीस मीटर. तासाला ७० किलोमीटर! बारच्या वरच्या कडेने साखळी आपल्यापासून दूर पळत असते. टोकाचा वरचा भाग चुकून लाकडाला टेकला की दात तेथे रुततात. साखळी लाकडाला पुढे ढकलू पाहते, लाकूड हलत नाही, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे बारच उसळून वर आणि मागे, माणसाच्या तोंडाकडे येतो. हे माणसाला हात हलवायला सुचण्याआधीच घडून जाते. साखळी तत्क्षणी थांबवणारा ब्रेक १९७२-७३ च्या सुमारास करवतींवर येऊ लागला. त्याआधीच्या करवतींवर तो नाही. पुष्कळ जुन्या करवतींत मुठीखाली धक्के शोषणारे रबरही नसे आणि रोज तासन्‌तास ती थरथर सोसणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होत.

त्यामुळे मुठीपुढे ब्रेकचा दांडा नसलेली करवत कितीही सुंदर दुरुस्त झाली, तरी ती फळीवर ठेवण्याच्या किमतीची धरावी, झाड तोडण्याच्या नव्हे. पुष्कळ संग्राहक तसेच करतात. वर्षातून एकदा ती साखळीशिवाय, मिनिटभर चालवतात आणि पुसून ठेवतात.

करून पहा

शाळेतला व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि सायकलच्या साखळीच्या लागोपाठ अकरा पिना मोजा. पहिलीच्या आणि अकरावीच्या मध्यांतले अंतर नव्या साखळीत १२७ मि.मी. यायला हवे. तुमच्या साखळीत ते १२८ पेक्षा जास्त आले, तर साखळी झिजली आहे. माप कॅलिपरच्या तोंडात मावत नसेल, तर सहा पिना घ्या आणि ६३.५ मि.मी.शी ताडून पाहा. घरातला पंखा दुरुस्तीला उघडेल तेव्हा बेअरिंगवरचा क्रमांक आधी वाचा, भोकाचे माप मनात काढा आणि मगच मोजा.